टोळी, कट्टा आणि शेवटची गाडी



आजचा विषय आयोजकांनी पत्रिकेत जरा भारदस्त करून छापलाय. सोप्या भाषेत तो असा : वयात येणाऱ्या पोरांच्या टोळ्या आपल्या कादंबऱ्यांत कशा येतात, त्या टोळीत शिरल्यावर गरीब-श्रीमंत हा भेद जातो कुठे, आणि यारीदोस्तीची किंमत शेवटी कोण भरतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, साहित्य नव्हे. तेव्हा समीक्षकांची परिभाषा आमच्याकडून अपेक्षू नका. एक-दोन साधे प्रश्न खिशात घेऊन आम्ही पुस्तकांकडे जातो आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाही, एवढीच आमची रीत.

सुरुवात शब्दापासून करू. 'टोळी' म्हटलं की वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दरोडेखोर आठवतात. पण महाराष्ट्रात हा शब्द कामाचाही आहे. ऊसतोडीला जाते ती टोळीच. तिला मुकादम असतो, आणि मुकादमाने दिलेली उचल असते. उचल घेतली की माणूस बांधला गेला. आपल्या मुरबाड-शहापुरात ऊस नाही, पण वीटभट्टी आहे. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, भट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर राहायला जातात. म्हणजे बापाची टोळी पैशाने बांधलेली. आणि त्याच बापाचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेत तीन-चार पोरांबरोबर जी टोळी करतो, ती कशाने बांधलेली? तिथे उचल नाही, मुकादम नाही. कोणी कोणाचं देणं लागत नाही, आणि तरी एकाला मार पडला की चौघं धावतात. हा प्रकार तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही थोर आहे.

आपल्याकडे निष्ठेसाठी शब्दप्रयोग कोणता? खाल्ल्या मिठाला जागणं. पण हे मीठ वरून आलेलं असतं. धन्याचं मीठ चाकर खातो आणि चाकर जागतो. धनी चाकराच्या मिठाला जागला असं कोणी म्हटल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. आता गंमत बघा. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात मैत्रीबद्दल लिहिताना मिठाचीच म्हण वापरली आहे. बरोबर बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, असा तिचा आशय. हे मीठ एका पंगतीतलं आहे, बरोबरीचं. आणि तो लगेच सांगतो की याला वेळ लागतो, सहवास लागतो. पुढे असंही म्हणतो की दोघांत फारच अंतर पडलं, संपत्तीचं म्हणा की आणखी कशाचं, तर मैत्री टिकत नाही. या दोन गोष्टी, बरोबर घालवलेला वेळ आणि पडत जाणारं अंतर, आज ध्यानात ठेवा. टोळीवरची कुठलीही कादंबरी या दोहोंच्या मधेच घडते.

आधी थोडं बाहेर जाऊन येऊ. फेरेन्त्स मोल्नार या हंगेरियन लेखकाची 'पॉल स्ट्रीट बॉइज' ही कादंबरी 1907 साली पुस्तकरूपाने आली. बुडापेस्टमधली शाळकरी पोरं, आणि त्यांच्या खेळाची एक मोकळी जागा. तिला ती 'ग्रुंड' म्हणतात. शेजारी लाकडाची वखार. दुसऱ्या टोळीला ही जागा हवी आहे, म्हणून युद्ध. पोरांनी सैन्य उभारलंय, आणि त्यात सगळे अधिकारी. कोणी कॅप्टन, कोणी लेफ्टनंट. शिपाई एकच, नेमेचेक. शिंप्याचा मुलगा, किरकोळ अंगाचा. सगळ्यांचे हुकूम त्याने झेलायचे. पोरांचं एक मंडळही आहे, आणि त्या मंडळाच्या वहीत त्याच्यावर गद्दारीचा ठपका ठेवून त्याचं नाव मुद्दाम लहान अक्षरांत लिहिलं जातं. हाच नेमेचेक टोळीसाठी पुन्हा पुन्हा थंड पाण्यात भिजतो, तापाने फणफणलेला असताना अंथरुणातून उठून लढाईत येतो, आणि शेवटी मरतो. त्या घरातला एक प्रसंग आम्हांला कधी विसरता आला नाही. पोरगा शेवटच्या घटका मोजतोय, आणि त्याच वेळी गिऱ्हाईक कोट अंगावर घालून बघायला येतं. बापाला डोळे पुसून टाचण्या लावाव्या लागतात. मंडळातली पोरं माफीपत्र घेऊन येतात तेव्हा उशीर झालेला असतो. आणि ज्या जागेसाठी हे सगळं झालं, तिथे आता इमारत उठणार, हे पोरांच्या म्होरक्याला, बोकाला, त्यानंतर कळतं.

आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे नेमेचेकचा तो अपमान भाषांतरात थोडा हरवतो. आपण त्याची सोय निराळ्या पद्धतीने केली आहे, टोपणनावाने. त्यावर येतोच.

दुसरं पुस्तक अमेरिकेतलं, 'द आउटसायडर्स', 1967 चं. लेखिका एस. ई. हिंटन. तिने ते लिहायला घेतलं तेव्हा ती स्वतः शाळेत होती. इथे दोन टोळ्या उघडउघड वर्गाच्या आहेत. ग्रीझर म्हणजे तेल लावून केस वाढवलेली गरीब वस्तीतली पोरं, आणि सोश म्हणजे मोटारीतून फिरणारी पैसेवाल्यांची. मारामारीत ग्रीझर जिंकतात. पण जिंकून काय होतं? काही नाही. दुसऱ्या दिवशी ग्रीझर ग्रीझरच, सोश सोशच. हे त्या वयाच्या मुलीला दिसलं, याचं आम्हांला आजही नवल वाटतं. मात्र एक लक्षात घ्या. गोष्ट सांगतो पोनीबॉय, जो अभ्यासात हुशार आहे आणि वाचणारा आहे. शेवटी कळतं की आपण वाचलं ते त्याने शाळेसाठी लिहिलेलं लिखाण आहे. मरतो जॉनी. लिहितो पोनीबॉय. ज्याने किंमत भरली तो निवेदक नाही.

आता घरी येऊ. मराठीत या विषयाचं नाव काढलं की हात आपोआप मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'कडे जातो. 2004 साली मौजेने ती काढली. पुढे तिच्यावर 'गमभन' हे नाटक आलं, सुजय डहाके यांचा चित्रपट आला. आणीबाणीचा काळ, मुंबईच्या आसपासचं निमशहरी गाव, नववीचा वर्ग. जोशी, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या. सुऱ्याला केवडा आवडते, जोशीला शिरोडकर. हे पुस्तक गेली वीस वर्षं कसं वाचलं जातंय? 'ते दिवस' म्हणून. चाळिशीतली माणसं हळवी होऊन ते एकमेकांना भेट देतात. आमचं म्हणणं असं की हे वाचन चुकीचं नसेल, पण आळशी आहे. प्रेमकथा हे या कादंबरीचं वरचं साल आहे. आत वेगळंच काही चाललंय.

टोळी बसते कुठे ते बघा. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये. बुडापेस्टच्या पोरांची मोकळी जागा इमारतीने खाल्ली. इथे इमारत पुरी व्हायची आहे तोवरच ती पोरांची. बिल्डिंग पूर्ण झाली की तिथे फ्लॅटवाले येणार, वॉचमन बसणार, आणि पोरांना हाकलणार. बोकिलांनी यावर भाष्य केलेलं नाही. त्यांनी फक्त पोरांना तिथे बसवलं, आणि ते पुरेसं आहे. नववीतलं पोरही तसंच, बांधकाम चालू असलेलं. त्या मजल्यांवर चौघं सारखे आहेत. कोणाचा बाप काय करतो, कोणाच्या घरी आज काय शिजलं, हे तिथे विचारलं जात नाही. म्हणून तर ते तिथे जातात.

आणि टोपणनावाचं काय? जोशी हा जोशी आहे. फावड्याचं खरं नाव काय, असं या सभागृहात विचारलं तर किती हात वर होतील? 'शाळा' वाचलेल्यांनी जरा आठवून बघा. जोशीचा नरूमामा आठवेल, शिरोडकरची चाल आठवेल. ते आठवणार नाही. हा लेखकाचा दोष नव्हे, उलट ही त्यांची अचूक नजर आहे. कारण निवेदक जोशी आहे आणि जोशीला ते आठवायची गरज पडलेली नाही. मैत्री खरी, प्रेम खरं, आणि तरीही एकाचं आडनाव मास्तरांच्या तोंडात सन्मानाने बसतं, दुसरा जन्मभर टोपणनावावर राहतो. ही आपल्याकडची लहान अक्षरं.

आपल्याकडे 'वर्ग' म्हणताना जात बाजूला ठेवता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. हिंटनच्या पोरांचे केस कापले की ग्रीझर ओळखू येईनासा होतो. आपल्याकडे केस कापून भागत नाही.

निकाल लागतो आणि चौघांच्या वाटा फुटतात. जोशी दहावीच्या उंबऱ्यावर एकटा उभा राहतो. हा शेवट वाचून माणसं जोशीसाठी रडतात. आम्ही विचारतो, जोशीच्या पुढे निदान दहावी तरी आहे ना? ज्याला घरात पुस्तकं आहेत, पाठीशी वाचणारा-बोलणारा मामा आहे, त्याच्यासाठी नववीचं वर्ष ही आठवण होऊ शकते. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी तेच वर्ष वळण असतं, आणि ते परत घेता येत नाही. उंडारणं चौघांचं सारखं होतं, मास्तरांचा मार सारखा होता, पण उंडारण्याचं बिल प्रत्येकाला वेगळ्या रकमेचं आलं. हे वाचताना दिसलं नाही तर 'शाळा' वाचली असं आम्ही म्हणणार नाही.

सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'बद्दल थोडक्यात बोलतो, कारण इथे तिचे भक्त बरेच असणार. 1982 ची कादंबरी. पुण्यातलं कॉलेज, कट्टा, दिग्या म्हणजे डी.एस.पी. आणि त्याची गँग. 2013 मध्ये संजय जाधव यांनी चित्रपट केला आणि ती नव्या पिढीच्या हातात गेली. शिरवळकरांना संवाद लिहिता यायचे, वेग होता, आणि ग्रंथालयात रांग लावणारा वाचक त्यांनी तयार केला. ही लहान गोष्ट नव्हे, आमच्या विद्यापीठीय मंडळींनी त्यांच्याकडे नाक मुरडून पाहिलं ते बरं केलं नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. कट्ट्यावर यारी हीच जात आणि यारी हाच धर्म, असं ही गोष्ट सांगते. ठीक. मग पैशाचा माज कुठे जातो? तो कट्ट्याबाहेरच्या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यावर मांडला जातो. तो वाईट, म्हणजे आपण चांगले. कट्ट्याच्या आतला हिशोब कोणी मांडत नाही. मंडळी, चहाचे पैसे रोज कोण देतो हे टोळीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. ज्याच्याकडे नसतात त्याला तर फारच नीट माहीत असतं. तो आधी उठून जातो, 'काम आहे' म्हणतो. त्या उठून जाणाऱ्या पोराची कादंबरी 'दुनियादारी' नव्हे.

भाऊ पाध्ये यांची पोरं मात्र कुठेच उठून जात नाहीत, कारण जायला जागाच नाही. 'वासूनाका' 1965 सालचं. वयाने ही पोरं 'शाळा'वाल्यांपेक्षा मोठी, पण वयात येणं त्यांचं संपलेलं नाही. मुंबईची वस्ती, नाका आणि सांगणारा पोक्या. आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर तोफ डागली होती. अश्लील म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. आज वाचताना अश्लीलतेपेक्षा आम्हांला त्यातलं रिकामपण टोचतं. या पोरांच्या मालकीचं जगात काहीच नाही, म्हणून नाका त्यांच्या मालकीचा. आणि पोक्या हा निवेदक कोणाच्याही वरचा नाही. तो पुढे शिकून मोठा होऊन मागे वळून गहिवरत नाहीये. तो तिथेच उभा राहून, तिथल्याच भाषेत, स्वतःसकट सगळ्यांची सालटी काढतो. सभ्य वाचक चिडला तो शिव्यांमुळे नव्हे असा आम्हांला दाट संशय आहे. नाक्यावरच्या पोराने सभ्य वाचकाची परवानगी न घेता बोलायला सुरुवात केली, हे त्याला सोसलं नाही.

दहा वर्षांनी, 1975 मध्ये, पाध्यांनीच 'राडा' लिहिली. उपनगर, श्रीमंत घरातला मंदार आणि समोर शिवसेनेची शाखा. कोणत्या पक्षाची बाजू घ्यायला आम्ही हे सांगत नाही, आणि आज हे कोणा एका पक्षापुरतं राहिलेलंही नाही. नाक्यावरच्या पोरांची ताकद कोणाच्या तरी कामी येते, हे पाध्यांनी त्या काळी पाहिलं. वासूनाक्यावर निष्ठा आडवी होती, पोराची पोराशी. 'राडा'च्या जगात ती उभी होते, पोराची वरच्याशी. अॅरिस्टॉटलचं मीठ जातं, धन्याचं मीठ येतं.

हे समजायला आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. मुरबाडच्या कुठल्याही चौकात श्रावणात उभे राहा. दहीहंडीचं पथक हे पोरांच्या टोळीचं सगळ्यात सुंदर रूप आहे. एकाच्या खांद्यावर दुसरा, खालच्याने हलायचं नाही, वरच्याने घाबरायचं नाही. पण टी-शर्ट बघा. त्यावर 'भाऊं'चा फोटो असतो. टी-शर्टचे पैसे भाऊंचे, टेम्पोचे भाऊंचे, वडापावचे भाऊंचे. वाढदिवसाच्या बॅनरवर खाली जे शुभेच्छुक म्हणून पोरांचे चेहरे लावलेले असतात, त्यांची वयं पाहा. सोळा, सतरा. ही उचल आहे, मंडळी. बाप भट्टीवाल्याची घेतो, पोरगा भाऊंची घेतो. फरक इतकाच की बापाला माहीत असतं आपण घेतली आहे.

दोन चित्रपटांचा उल्लेख करतो. तुम्ही म्हणाल, विषय कादंबरीचा आहे. पण कादंबरीने सोडलेलं काम अलीकडे चित्रपटांनी केलंय, त्याला आमचा इलाज नाही. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' 2014 चा. आईची बदली होते म्हणून पुण्याचा चिन्मय कोकणात येतो. तिथली पोरं, बंड्या वगैरे, त्याला हळूहळू टोळीत घेतात. मग एकदा किल्ल्यावर, भर पावसात, तो एकटा मागे राहतो. पोरं पुढे निघून गेलेली असतात. त्याला वाटतं, आपल्याला टाकलं. अतिशय हळुवार चित्रपट आहे. पण चिन्मय बदलीवर आलेला आहे, तो बदलीवर जाणारही आहे. बंड्या कुठे जाणार? टोळीने चिन्मयला किल्ल्यावर एकदा सोडलं, त्याचं आपल्याला वाईट वाटतं. चिन्मयसारखी मुलं बंड्याला दर तीन वर्षांनी सोडून जातात, त्याचा चित्रपट अजून निघायचा आहे.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', 2013 चा. जब्याला टोळी नाहीच. एक पिऱ्या आहे, तोही त्याच्यासारखाच गावाच्या कडेचा. वर्गातली मुलं आहेत, पण ती प्रेक्षक आहेत. जब्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावतो आणि ती हसतात. शेवटचा दगड सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल बोलून बोलून तो गुळगुळीत झालाय. आम्हांला त्याआधीचं जब्याचं लपणं महत्त्वाचं वाटतं. वर्गमित्रांनी बघू नये म्हणून तो लपत राहतो. म्हणजे ज्यांनी त्याला कधी आपलं म्हटलं नाही, त्यांच्यातलाच एक असण्याची आशा त्याने तोपर्यंत सोडलेली नाही. आपलं असणं म्हणजे काय, हे ज्याला मिळालंय तो सांगू शकत नाही. ते जब्याला विचारावं.

आणि हो, या सगळ्या यादीत मुली टोळी करताना कुठे दिसल्या? शिरोडकर दिसते ती बिल्डिंगमधून. तिच्या मैत्रिणी आपसात काय बोलत होत्या, त्यांच्यात कोण कोणासाठी मार खायला तयार होती, मराठी कादंबरीने फार क्वचित विचारलंय.

आता आपल्या तालुक्यांकडे येऊन थांबतो. बिल्डिंग, कट्टा, नाका, किल्ला. टोळीला जागा लागते आणि वेळ लागतो. पुण्याच्या कट्ट्यावर पोरं संध्याकाळी सातपर्यंत बसू शकत होती, कारण घर सायकलच्या अंतरावर होतं. टोकावडे, धसई, म्हसा, सरळगाव इथून एसटीच्या पासवर मुरबाडला येणाऱ्या पोराकडे तेवढा वेळ नाही. कॉलेज सुटलं की गाडी. ती चुकली की पुढची कधी, याचा भरवसा नाही. मुरबाडला रेल्वे नाही. त्याच्या टोळीचा कट्टा म्हणजे गाडीच्या मागच्या दोन सीट, आणि मुदत पाऊण तास. जागा धरणं, एकाने दुसऱ्याचं दप्तर खिडकीतून आत टाकणं, कंडक्टरशी एकाच्या वतीने चौघांनी भांडणं, हीच तिथली निष्ठा. बाजारपेठेतल्या बाइकवाल्या पोरांशी त्यांचं जे काही आहे, त्यात मारामारी क्वचितच होते. स्टँडवर शेजारून गाडी जोरात जाते, चिखल उडतो, कोणीतरी हसतं. दोघं एकाच वर्गात बसतात. हिंटनने यावर कादंबरी केली असती.

आश्रमशाळेतली पोरं आणखी वेगळी. त्यांच्याकडे वेळच वेळ आहे, घर नाही. सहा-सात वर्षांची असल्यापासून एकाच खोलीत झोपलेली, एका ताटाच्या ओळीत जेवलेली. अॅरिस्टॉटलच्या अर्थाने मीठ खाल्लेली पोरं महाराष्ट्रात कोणी असतील तर ती ही. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यातली एक-दोन परत येत नाहीत, कारण घर भट्टीवर गेलेलं असतं. टोळी कमी झालेल्या गड्याची वाट किती दिवस बघते, त्याची जागा कोणाला देते, तो मे महिन्यात बाजारात भेटला तर काय बोलते, हे आम्हांला वाचायचं आहे. आमच्या वयाच्या कोणी शहरी माणसाने चार दिवस येऊन लिहिलेलं नको. जोशीने लिहिलेलंही नको. लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिलं, दया पवारांनी 'बलुतं' लिहिलं, तेव्हा त्यांनी जोशीची वाट पाहिली नव्हती. ती आत्मकथनं होती. कादंबरीची जागा अजून मोकळी आहे, आणि मोकळ्या जागांना आपल्याकडे हल्ली फार लवकर तारेचं कुंपण पडतं.

एक व्यावहारिक सूचना शिक्षकांना. 'शाळा' मुलांना जरूर वाचायला द्या. पण वाचून झाल्यावर 'तुम्हाला कोण आवडलं' हे विचारू नका, सगळे शिरोडकर म्हणतील. फावड्याने हीच गोष्ट सांगितली असती तर पहिलं पान काय असतं, ते लिहायला सांगा. वहीचं एक पान पुरे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलांनी आधी विचारावं. टोकावड्याची गाडी किती वाजता आहे तुमची?